‘एकट्याने शक्यच नाही!’ : डॉसन खटला, एक पॉडकास्ट आणि संशयाचं गणित

‘हे एकट्याचं काम नव्हेच. कुणीतरी मदत केली असणार. नाहीतर एवढी वर्षं दडपून राहतं का?’

ख्रिस डॉसनच्या खटल्याबद्दल चार माणसं बोलायला लागली की पाचव्या मिनिटाला हे वाक्य येतंच. ऑस्ट्रेलियात येतं, आणि पॉडकास्ट ऐकून झालेल्या आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्येही येतं. वाक्य ऐकायला इतकं साधं आणि शहाणपणाचं वाटतं की त्यावर कुणी वाद घालत नाही. मला मात्र त्यात तीन-चार वेगवेगळी विधानं एकमेकांत गुंतलेली दिसतात. आज ती सोडवून बघू. वाटेत एक शोधनिबंध लागेल, त्याचीही जरा झडती घेऊ.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिडनीच्या उत्तरेला समुद्राकाठची उपनगरं आहेत, नॉर्दर्न बीचेस म्हणतात त्यांना. तिथल्या बेव्ह्यूमध्ये डॉसन कुटुंब राहायचं. ख्रिस शाळेत पीटीचा शिक्षक, त्याआधी रग्बी लीगचा नावाजलेला खेळाडू. लिनेट त्याची बायको, वय ३३, नर्सिंग शिकलेली, पाळणाघरात काम करायची. दोन लहान मुली. ख्रिसचे त्याच्याच शाळेतल्या एका अल्पवयीन विद्यार्थिनीशी संबंध होते. ती मुलगी आधी मुलींना सांभाळायला म्हणून याच घरात राहायलाही आली होती. जानेवारी १९८२ मध्ये लिनेट नाहीशी झाली. ख्रिसचं म्हणणं असं, की त्याने तिला मोना व्हेलच्या बसस्टॉपवर सोडलं, नंतर तिचा फोन आला, ‘मला थोडा वेळ हवाय’ म्हणाली, आणि मग ती आलीच नाही. काही दिवसांत ती विद्यार्थिनी त्याच घरात राहायला आली. पोलिसांत बायको हरवल्याची नोंद त्याने केली १८ फेब्रुवारीला, म्हणजे जवळजवळ सहा आठवड्यांनी. १९८४ मध्ये त्या विद्यार्थिनीशी त्याने लग्न केलं.

पुढची वर्षं भराभर सांगतो. १९९० मध्ये ते दुसरं लग्न मोडलं, ती पोलिसांकडे गेली, आणि १९९१ मध्ये गुन्हे शाखेने ख्रिसची पहिली रीतसर जबानी घेतली. त्यातून काही निघालं नाही. १९९८ मध्ये तपास पुन्हा सुरू झाला. २००१ आणि २००३ मध्ये दोन वेळा कॉरोनरपुढे चौकशी झाली (संशयास्पद मृत्यूची न्यायिक चौकशी, मुंबईतही पूर्वी कॉरोनर कोर्ट असायचं). दोन्ही वेळा खटला भरावा अशी शिफारस झाली, दोन्ही वेळा सरकारी अभियोग खात्याने पुरावा पुरेसा नाही म्हणून नकार दिला. मे २०१८ मध्ये ‘द ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्राच्या हेडली थॉमस या पत्रकाराचा ‘द टीचर्स पेट’ हा पॉडकास्ट आला. कोट्यवधी डाउनलोड झाले. डिसेंबर २०१८ मध्ये अटक. ३० ऑगस्ट २०२२ ला न्यायमूर्ती इयान हॅरिसन यांनी ख्रिसला दोषी ठरवलं. शिक्षा २४ वर्षं. जून २०२४ मध्ये अपील फेटाळलं गेलं. मृतदेह आजपर्यंत सापडलेला नाही.

म्हणजे बघा, खून झाला की नाही, कुणी केला, हे प्रश्न न्यायालयाच्या लेखी सुटले. उरला तो ‘मदत कुणी केली’ हा. आणि हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण ‘मदत’ या शब्दात वेगळंच काहीतरी भरतो. कुणाला मृतदेह हलवायला हात लावणारा माणूस दिसतो. कुणाला फाईल दाबणारा रग्बीप्रेमी पोलीस दिसतो. कुणाला सगळं माहीत असून गप्प बसलेली शाळा दिसते. या तिन्ही गोष्टींना लागणारा पुरावा सारखा नाही, कायद्यात त्यांची जागा सारखी नाही. पण बोलताना सगळं एकाच टोपलीत. आणि मग शाळेच्या गप्प बसण्याचा पुरावा दाखवून मृतदेह हलवणाऱ्या साथीदारावर विश्वास बसवला जातो.

संशयाचं बोट ज्यांच्याकडे वळलं त्यांची नावं मी इथे घेणार नाही. कारण साधं आहे. या खुनात ख्रिसशिवाय कुणावरही आरोप ठेवला गेलेला नाही.

आता पहिला युक्तिवाद घेऊ: ‘एवढी वर्षं दडून राहिलं, म्हणजे मदत असणारच.’

संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाच्या कानाला हे वाक्य अर्धवट लागतं. एखादी गोष्ट पुरावा आहे की नाही हे ठरवायला एक प्रश्न विचारून चालत नाही, दोन विचारावे लागतात. मदत असती तर प्रकरण इतकं लांबलं असतं का? हो, असतं. पण मदत नसती तर? तरीही लांबलं असतं का? दोन्हींचं उत्तर जर ‘हो, बहुतेक’ असेल तर लांबलेल्या वर्षांनी आपल्याला काहीच सांगितलं नाही. ताप आलाय म्हणून मलेरिया असं म्हणण्यासारखंच हे. ताप मलेरियात येतो, पण साध्या व्हायरलमध्येही येतो. निदान करायचं तर असं लक्षण शोधावं लागतं जे एकात येतं आणि दुसऱ्यात येत नाही. बेझच्या सूत्राचा गाभा एवढाच आहे, बाकी आकडेमोड.

मग दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय? १९८२ मध्ये एक प्रतिष्ठित नवरा ठाण्यात जाऊन सांगतो, बायको घर सोडून गेली, आमचं पटत नव्हतं, तिचा फोन आला होता. हरवलेली म्हणून नोंद झालेली बहुतेक माणसं काही दिवसांत परत येतात किंवा सापडतात, हे कुठल्याही ठाण्यातल्या हवालदाराला अनुभवाने ठाऊक असतं. वरून ‘नवरा-बायकोचा घरगुती मामला’ ही त्या काळातली समजूत. अशा वेळी कागद फायलीत जातो आणि तिथेच राहतो. कुणी दाबावा लागत नाही. लिनेटच्या एका सहकारी मैत्रिणीने १९८५ मध्ये ओम्बड्समनकडे, म्हणजे आपल्याकडच्या लोकायुक्तासारख्या अधिकाऱ्याकडे, लेखी तक्रार केली होती की पोलीस नीट तपास करत नाहीत. त्यानेही काही हललं नाही. आता ही गोष्ट तुम्ही ‘वरून दबाव होता’ या खात्यात टाकाल की ‘सरकारी काम’ या खात्यात? मी तरी दोन्हीत टाकू शकतो. आणि म्हणूनच ती कुठल्याच बाजूचा पुरावा म्हणून चालत नाही.

थोडे आकडे घालून बघू. हे आकडे मी नुसते समजुतीसाठी घेतोय. समजा सुरुवातीला तुम्हाला मदतीची शक्यता २० टक्के वाटते. मदत असेल तर प्रकरण दशकानुदशकं लांबण्याची शक्यता ९० टक्के धरा, नसेल तर ८० टक्के. गणित केलं की मदतीची शक्यता २० वरून २२ टक्क्यांवर जाते. छत्तीस वर्षांच्या दिरंगाईने तुमचं मत फक्त दोन टक्क्यांनी हललं. आता ८० च्या जागी १० टाका, म्हणजे ‘पोलीस एरवी इतके सुस्त नसतात’ असं माना. शक्यता थेट ६९ टक्क्यांवर. सगळी मदार त्या एका आकड्यावर आहे आणि तो आकडा ख्रिसबद्दलचा नाहीच, तो पोलीस खात्याबद्दलचा आहे. ‘मदत असणारच’ म्हणणारा माणूस नकळत पोलिसांना प्रशस्तिपत्र देत असतो की हे लोक एरवी फार चोख काम करतात. ज्याने कधी हरवलेल्या मोबाइलची तक्रार नोंदवायचा प्रयत्न केलाय त्याने हे प्रशस्तिपत्र देण्याआधी थोडं थांबावं.

आता उलट बाजूचा युक्तिवाद. तोही तितक्याच आत्मविश्वासाने केला जातो: ‘साथीदार असता तर एव्हाना बोलला असता. गुपित कुठे टिकतं?’ हा युक्तिवाद करणाऱ्यांच्या हातात हल्ली एक शोधनिबंध असतो. डेव्हिड रॉबर्ट ग्राइम्स या भौतिकशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये छापलेला. कटाची गुपितं किती काळ टिकू शकतात याचं गणिती प्रारूप त्याने मांडलं. इंटरनेटवर हा निबंध प्रचंड फिरला, आणि त्यात मजा आहेच.

कल्पना अशी. कटात सामील असलेला प्रत्येक माणूस दरवर्षी एका अगदी छोट्या शक्यतेने गुपित फोडू शकतो. माणसं जितकी जास्त आणि वर्षं जितकी जास्त, तितकं बिंग फुटणं जवळ. ही छोटी शक्यता किती, हे त्याने प्रत्यक्षात फुटलेल्या तीन प्रकरणांवरून काढलं: स्नोडेनने उघड केलेली अमेरिकी गुप्तचर खात्याची इंटरनेट पाळत, टस्कीगीमध्ये कृष्णवर्णीय रुग्णांना सिफिलिसवरच्या उपचारांविना ठेवून केलेला ‘अभ्यास’, आणि एफबीआयच्या न्यायवैद्यक तपासणीतला घोटाळा. यातून निघालेली सर्वात कमी शक्यता होती दर माणशी दर वर्षी साधारण दहा लाखांत चार. तेवढी कमी धरूनही, चंद्रावरचं यान खोटं असतं तर नासाच्या ४ लाख ११ हजार माणसांमधून ते गुपित चार वर्षांच्या आत जवळजवळ नक्की फुटलं असतं. गुपित शंभर वर्षं टिकवायचं तर माणसं सव्वाशेच्या आत हवीत. चंद्रवाल्यांना उत्तर द्यायला हे झकास आहे.

पण हेच सूत्र बेव्ह्यूला लावून बघा. माणसं २, वर्षं ४०, शक्यता तीच. गुणाकार करा: दोन गुणिले चाळीस गुणिले दहा लाखांत चार. उत्तर येतं दहा हजारांत साधारण तीन. म्हणजे निबंध म्हणतोय की दोन माणसांचं गुपित चाळीस वर्षांत फुटण्याची शक्यता शून्यातच जमा. ‘साथीदार असता तर बोलला असता’ असं म्हणून हा निबंध पुढे करणाऱ्यांनी बहुधा तो स्वतः लावून बघितलेला नाही. तो त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो.

पण थांबा, लगेच संशयवाल्यांनीही टाळ्या वाजवू नयेत. कारण हे प्रारूप इथे लावणंच चूक आहे, आणि का चूक आहे हे बघितलं की खरी गंमत कळते.

एक तर ती तीनही उदाहरणं फुटलेल्या गुपितांची आहेत. जी कधीच फुटली नाहीत ती नमुन्यात येणार कुठून? मासे किती मोठे असतात हे फक्त जाळ्यात सापडलेल्या माशांवरून ठरवायचं, आणि जाळ्याच्या छिद्रांबद्दल बोलायचंच नाही, असा प्रकार. ग्राइम्सला याची कल्पना आहे, म्हणूनच त्याने सर्वात कमी आकडा घेतला. पण निबंध फॉरवर्ड करणाऱ्यांना ही अट दिसत नाही.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रारूपात प्रत्येक माणूस दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे, आणि त्याची फुटण्याची शक्यता वर्षानुवर्षं तेवढीच आहे. किरणोत्सारी अणूसारखी. अणूला काल काय झालं ते आठवत नाही, त्याचं कुणाशी भांडण होत नाही, त्याला मुलं नसतात, घराचे हप्ते नसतात. सरकारी खात्यातल्या तीस हजार माणसांच्या सरासरीला हे गृहीतक कदाचित चालून जाईल. एका घरातल्या, एका संघातल्या, एका आळीतल्या माणसांना ते लागू पडत नाही.

आणि डॉसन प्रकरणातच याचा ढळढळीत दाखला आहे. महत्त्वाची माहिती पोलिसांकडे कधी गेली? १९९० मध्ये, दुसरं लग्न मोडल्यावर. त्या मुलीला साथीदार म्हणू नका, ती साक्षीदार होती, आणि स्वतः त्या माणसाची बळीही होती. विद्यार्थिनी असताना तिच्याशी ठेवलेल्या संबंधांबद्दल ख्रिसला २०२३ मध्ये वेगळी शिक्षा झाली. पण माहिती बाहेर येण्याचा नमुना बघा. आठ वर्षं शांतता, मग नातं तुटलं आणि ओघ सुरू. वर्षाला दहा लाखांत चार असा थेंब थेंब गळणारा नळ नव्हता तो, बंद दरवाजा होता. तो उघडला एका घटनेमुळे. म्हणून ‘चाळीस वर्षं झाली, कुणी बोललं नाही’ या वाक्यातल्या चाळिसाला स्वतःचं असं वजन नाही. त्या चाळीस वर्षांत कोणाचं कोणाशी तुटलं, कोणाला बोलण्याने काय गमवावं लागलं असतं, हे माहीत असेल तर त्या आकड्याचा अर्थ लागतो. ते आपल्याला माहीत नाही. तेव्हा गणिताने इथे नम्रपणे बाहेर थांबावं.

आता पॉडकास्टकडे वळू. ‘द टीचर्स पेट’ मी पूर्ण ऐकलाय, आणि पत्रकारिता म्हणून त्याने केलेलं काम मोठं आहे हे आधी सांगतो. कुणी विचारत नव्हतं त्या वेळी त्याने विचारलं. लिनेट ही एक ‘केस’ न राहता माणूस झाली. पोलीस आयुक्तांनी तिच्या कुटुंबाची माफी मागितली ती याच काळात. ऑस्ट्रेलियातला पत्रकारितेचा सर्वोच्च मान, गोल्ड वॉकली, २०१८ मध्ये त्याला मिळाला.

तक्रार वेगळी आहे. भागाभागाने येणाऱ्या गोष्टीला प्रत्येक भागाच्या शेवटी एक दार किलकिलं ठेवावं लागतं. त्यामुळे पात्रं वाढत जातात: शेजारी, खेळाडू, शिक्षक, पोलीस. प्रत्येकाला काहीतरी ठाऊक ‘असू शकतं’. ऐकणाऱ्याच्या मनात जाळं विणलं जातं आणि मग जाळं आहे म्हणजे कोळीही असणार असं वाटायला लागतं. टव्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दाखवलेली एक चूक इथे आठवते. गोष्टीत तपशील वाढवला की ती लोकांना जास्त शक्य वाटते, प्रत्यक्षात ती कमी शक्य झालेली असते. ‘त्याने खून केला’ यापेक्षा ‘त्याने खून केला आणि मित्राने फाईल दडपली’ हे वाक्य जास्त पटतं, कारण त्यात ‘कसं’ याचं उत्तर आहे. पण दुसरं वाक्य खरं असेल तर पहिलं खरं असावंच लागतं. उलट नाही. त्यामुळे दुसऱ्याची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. हे सातवीच्या मुलालाही दोन वर्तुळं काढून समजावता येतं, तरी आपण सगळे फसतो.

न्यायालयाने काय केलं ते याच्या शेजारी ठेवून बघा, फरक लख्ख दिसतो. न्यायमूर्ती हॅरिसन यांनी निकाल वाचायला जवळपास पाच तास घेतले आणि त्यात गोष्ट पूर्ण केली नाही. खून नेमका कसा झाला, मृतदेहाचं काय झालं, हे निकालात ठरलेलं नाही. ख्रिसने सत्तरच्या दशकात मारेकरी शोधल्याचा जो आरोप होता तो त्यांना सिद्ध झालेला वाटला नाही, तो त्यांनी बाजूला ठेवला. आठ जानेवारीनंतर लिनेट जिवंत होती का, नवऱ्याला फोन करणारी बाई स्वतःच्या आईला आणि मुलींना एकदाही का करत नाही, नवऱ्याच्या सांगण्यातलं काय खोटं ठरतं, एवढ्यावर त्यांनी निकाल उभा केला. कमीत कमी विधानं, आणि प्रत्येक विधानाला टेकू. पॉडकास्टच्या चाहत्यांना हे अपुरं वाटतं. माझ्या मते त्या निकालाची ताकदच ती आहे. जितकं सिद्ध करायला घ्याल तितकं मोडण्याच्या जागा वाढतात.

आणि पॉडकास्टची किंमत खटल्याने मोजली. न्यायमूर्ती एलिझाबेथ फुलर्टन यांनी २०२० मध्ये या प्रसिद्धीवर फार कडक ताशेरे ओढले आणि खटला काही महिने थांबवला. ऑस्ट्रेलियात पॉडकास्ट ऐकण्यासाठी बंद केला गेला. शेवटी ज्युरी न बसवता एकट्या न्यायाधीशापुढे खटला चालला. बचाव पक्षाचा एक मुद्दा होता की साक्षीदारांच्या आठवणी ऐकीव गोष्टींनी गढूळ झाल्यात. या मुद्द्यामागे खरं विज्ञान आहे. एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना ‘धडकल्या’ऐवजी ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरून विचारलं. आठवड्याने पुन्हा प्रश्न: फुटलेली काच दिसली का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. पहिल्या गटातल्या ५० पैकी ७ जणांना ती दिसली होती, दुसऱ्या गटातल्या ५० पैकी १६ जणांना. एका शब्दाने एवढं केलं. इथे तर कित्येक तासांचं कथन होतं, पार्श्वसंगीतासह, आणि आठवणी होत्या साडेतीन दशकांपूर्वीच्या.

यातला खरा पेच असा. साथीदार खरोखरच असेल, तर त्याच्याविरुद्ध उपयोगी पडू शकणारी साक्ष ही याच आठवणींमधली असणार. ज्याने संशय जागवला त्यानेच तो सिद्ध करण्याचं साधन बोथट केलं असावं. थॉमस यांना दोष द्यायचा तर हेही म्हणावं लागेल की ते बोलले नसते तर ती साक्ष कुणी घेणारच नव्हतं. मला यातून सुटका दिसत नाही.

साथीदार खराच असला की प्रकरण कसं दिसतं, याचं उदाहरण आपल्याकडे आहे. दिल्लीतलं १९९५ चं तंदूर हत्याकांड. युवक काँग्रेसचा नेता सुशील शर्माने पत्नी नैना साहनीला गोळ्या घातल्या आणि मृतदेह ‘बगिया’ हॉटेलच्या तंदुरात जाळायचा प्रयत्न केला. त्यासाठी हॉटेलचा मॅनेजर मदतीला घेतला. परिणाम काय झाला? आगीचा लोळ बघून गस्तीवरचा कॉन्स्टेबल आला, मॅनेजर तिथेच सापडला आणि पुढे पुरावा नष्ट केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. हैदराबादच्या सीसीएमबीने डीएनएवरून मृतदेह नैनाचाच असल्याचं दाखवलं. मदत घेतली तिथेच प्रकरण फुटलं, त्याच रात्री. म्हणून मदतीचे सगळेच खटले असे फुटतात असं नाही (पुन्हा जाळं आणि मासे!), पण साथीदाराचा पुरावा म्हणजे काय असतं ते इथे दिसतं: एक माणूस, एक जागा, एक कृती. आपल्या कायद्यात त्याला नेमकं कलमही आहे, तेव्हाचं भारतीय दंड संहितेचं २०१, आता न्याय संहितेचं २३८.

याच प्रकरणात दुसरीही एक गोष्ट घडली. पहिल्या पोस्टमॉर्टेममध्ये गोळ्यांचा पत्ताच लागला नाही. दुसऱ्यांदा तपासणी झाली तेव्हा एक्स-रेमध्ये त्या दिसल्या. मग लोक म्हणणारच, आरोपी राजकारणातला, डॉक्टरला कुणीतरी सांगितलं असणार. असेलही. पण जळालेल्या देहाचा एक्स-रे न काढता केलेली तपासणी काय दाखवेल? इथे पुन्हा तेच दोन प्रश्न. हलगर्जीपणा आणि संगनमत बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात, आणि आपला कल नेहमी संगनमताकडे असतो, कारण त्यात निदान कुणीतरी सूत्रधार असतो.

मला सर्वात जास्त खटकतं ते इथे. डॉसन प्रकरणात ज्याला पुरावा आहे ती ‘मदत’ कुणी लपवलेलीच नाही. सहा आठवडे उशिरा आलेली तक्रार जशीच्या तशी मान्य झाली. शाळेतल्या शिक्षकाच्या घरी शाळेतली मुलगी राहतेय हे सहकाऱ्यांना, शेजाऱ्यांना दिसत होतं. पहिली रीतसर जबानी घ्यायला नऊ वर्षं लागली. दोन कॉरोनरांनी सांगूनही खटला उभा राहिला नाही. यातल्या एकाही गोष्टीला अंधारात गाडीची डिकी उघडणारा अज्ञात इसम लागत नाही. आणि जोवर आपण त्या अज्ञात इसमाला शोधतोय तोवर या ज्ञात खुर्च्यांना फारसा धोका नाही. नॉर्दर्न बीचेसच्या शाळांमधल्या शिक्षक-विद्यार्थिनी संबंधांच्या तपासासाठी पोलिसांचं वेगळं पथक नेमलं गेलं, ही बातमी कितीजणांनी लक्षात ठेवली? ‘मृतदेह कुणी हलवला’ यावरच्या अंदाजांपुढे ती कधीच मागे पडली.

याचा अर्थ साथीदार नव्हताच असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणायला माझ्याकडे काहीही नाही, आणि ‘होताच’ म्हणणाऱ्यांकडेही नाही. २००० मध्ये त्या घराच्या आवारात खणलं तेव्हा एक कार्डिगन सापडलं, कापल्यासारख्या खुणा असलेलं. सप्टेंबर २०१८ मध्ये पुन्हा खणलं तेव्हा काही सापडलं नाही. भौतिक पुरावा म्हणावा तर एवढाच.

ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने कायदा केला, लिनेटच्या नावाने तो ओळखला जातो. खुनात दोषी ठरलेल्याने मृतदेह शोधायला सहकार्य केलं नाही तर त्याला पॅरोल नाही. या कायद्यातही एक गृहीतक दडलंय, की ठावठिकाणा त्यालाच माहीत आहे. त्याच्याशिवाय आणखी कुणाला माहीत असेल, तर त्या माणसाला हा कायदा बोलायला काहीच कारण देत नाही. उलट ख्रिस बोललाच तर अडकायची भीती त्या दुसऱ्या माणसाला. ख्रिस डॉसन गुन्हा नाकारतो. पॅरोलसाठी त्याला सर्वात आधी अर्ज करता येईल तो २०४१ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर.